फाईल उडाली? पाळी बदलण्याआधी एवढं करा

फाईल उडाल्याचं लक्षात आलं की त्या संगणकावरचा हात आधी उचला. नवीन काही सेव्ह करू नका, डाउनलोड करू नका. उपाय शोधायचा असेल तर स्वतःच्या मोबाइलवर शोधा, कारण नुसता ब्राउझर उघडला तरी तो डिस्कवर काही ना काही लिहीतच असतो. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. डिलीट झालेली फाईल बहुतेक वेळा त्या क्षणी मरत नाही, नंतरच्या तासाभरात आपण तिला मारतो.

हे पालघरच्या एखाद्या वकिलाच्या कार्यालयात पाळणं सोपं आहे, बोईसरला अवघड. तारापूर एमआयडीसीतला डिस्पॅचचा, स्टोअरचा किंवा लॅबचा संगणक थांबत नाही. फर्स्ट शिफ्टचा माणूस उठतो आणि सेकंडवाला त्याच खुर्चीत बसून गेटपास काढायला लागतो. चूक करणारा तोवर कंपनीच्या बसमध्ये बसलेला असतो, आणि भीतीपोटी त्याने कोणाला काही सांगितलेलं नसतं. एका कारखान्यात असंच घडलेलं मी जवळून पाहिलं आहे. महिनाभराच्या चलनांचं फोल्डर दुपारी उडालं. संध्याकाळी ते लक्षात आल्यावर मदतीला धावलेल्या तिघांनी फाईल परत आणणारी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं डाउनलोड केली आणि ज्या डी ड्राइव्हवरून फोल्डर गेलं होतं त्याच डी ड्राइव्हवर बसवली. रात्रीपर्यंत निम्म्या फाईली सापडल्या, पण उघडल्या तर आत कचरा. कोणाचा हेतू वाईट नव्हता, फक्त थांबायचं असतं हे कोणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणून माझं पहिलं मागणं सुपरवायझरांकडे आहे. तुमच्या माणसाला ‘फाईल उडाली’ हे पाळी सुटण्याआधी सांगता आलं पाहिजे. ओरडा बसणार असेल तर तो सांगणार नाही, आणि पुढच्या आठ तासांत फाईल खरोखरच जाईल.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं ते समजलं की हा आग्रह पटतो. तलाठ्याकडचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. उताऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातली विहीर लगेच बुजत नाही, आंब्याची झाडं उपटली जात नाहीत. जमीन तशीच असते, फक्त ती मोकळी म्हणून दुसऱ्याच्या नावावर चढवायला हरकत उरत नाही. डिस्कवरही अशीच नोंदवही असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाईलची नोंद ‘वापरात नाही’ अशी केली जाते आणि तिने व्यापलेली जागा रिकामी म्हणून दाखवली जाते. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-32 किंवा त्याचीच पुढची पद्धत असते. फॅट-32 मध्ये नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण टाकली जाते, म्हणूनच परत आणलेल्या फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर कधी कधी गळालेलं दिसतं. आतला मजकूर जागच्या जागी असतो. त्या जागेवर दुसरी फाईल येऊन बसेपर्यंत तुम्हाला वेळ आहे. तो वेळ पाच मिनिटांचा की पाच महिन्यांचा, हे त्या डिस्कवर पुढे किती लिहिलं जातं त्यावर ठरतं.

आता शोध. फाईल उडालीच आहे का, हे आधी पाहा. घाईत माऊस ओढला गेल्याने एक फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतं, आणि ‘गायब झालं’ म्हणून आरडाओरड होते. नुकतंच घडलं असेल तर त्याच खिडकीत कंट्रोल आणि झेड दाबा. डिलीट असो वा हलवणं, विंडोज शेवटची कृती मागे घेतं. त्यानंतर रिसायकल बिन उघडा आणि डिलीट केल्याच्या तारखेप्रमाणे लावून पाहा. नाव आठवत नसलं तरी वेळ आठवते.

रिसायकल बिनमध्ये सगळंच जात नाही, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. शिफ्ट दाबून डिलीट केलेली फाईल तिथे नसते. पेनड्राइव्हवरून काढलेली बहुतेक वेळा नसते, आणि कारखान्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेअर्ड ड्राइव्हवरून, सर्व्हरवरून डिलीट केलेली फाईल तुमच्या टेबलावरच्या बिनमध्ये येत नाही. अशा वेळी स्वतःच्या मशीनवर शोधत बसू नका, आयटीवाल्याला लगेच फोन करा. नेटवर्कच्या स्टोरेज पेट्यांवर बऱ्याचदा वेगळं रिसायकल फोल्डर चालू केलेलं असतं. विंडोज सर्व्हरवर ‘शॅडो कॉपी’ची सोय चालू असेल तर फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून कालचं किंवा आज सकाळचं फोल्डर जसंच्या तसं मिळतं. फाईल डिलीट झाली नसून चुकून तिच्यावरच दुसरं काही सेव्ह झालं असेल, तरीही हाच रस्ता आहे. ती सोय चालू आहे का, हे मात्र संकट येण्याआधी विचारून ठेवा.

क्लाउडवर काम होत असेल तर मुदती लक्षात ठेवा. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल 30 दिवस राहते. कंपनीचं किंवा शाळेचं गुगल खातं असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यावरही आणखी 25 दिवस ॲडमिनला ती परत आणता येते. वनड्राइव्हवर घरगुती खात्याला 30 दिवस आणि कार्यालयीन किंवा शाळेच्या खात्याला साधारणपणे 93 दिवस मिळतात. मोबाइलमधले फोटो गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले असतील तर तिथल्या बिनमध्ये ते 60 दिवस असतात. मोबाइलच्या आतल्या मेमरीवर याहून जास्त आशा ठेवू नका. आजचे फोन साठवण कूटबद्ध करून ठेवतात, त्यामुळे ‘डिलीट फोटो रिकव्हरी’ असं नाव लावलेली ॲप्स बहुधा जाहिराती दाखवतात आणि तुमच्या परवानग्या घेऊन बसतात.

लाईट जाऊन सेव्ह न केलेलं काम गेलं, हा प्रकार वेगळा. जव्हार-मोखाड्याच्या शाळेतल्या गुरुजींना आणि ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला पावसाळ्यात तो वारंवार भोगावा लागतो. वर्ड किंवा एक्सेल पुन्हा उघडल्यावर डाव्या बाजूला सापडलेल्या प्रती दिसतात का पाहा. नसतील तर ‘फाईल’, मग ‘इन्फो’, मग ‘मॅनेज’ या बटणाखाली ‘रिकव्हर अनसेव्ह्ड’ असा पर्याय असतो. एकदाही सेव्ह न झालेल्या फाईलची प्रत तिथे चार दिवस मिळू शकते. ऑटोरिकव्हर मुळात दर दहा मिनिटांनी नोंद करतं. आज घरी गेल्यावर, किंवा आत्ताच, ती वेळ दोन मिनिटांवर आणा.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ही फाईल मी कोणाला पाठवली होती? सेंट मेल, व्हॉट्सॲप, सीएंचं कार्यालय, ट्रान्सपोर्टवाला, ग्राहकाचा खरेदी विभाग, झेरॉक्सच्या दुकानातला संगणक. कोटेशन, पॅकिंग लिस्ट, अर्ज यांची एक तरी प्रत बाहेर गेलेली असतेच. जीएसटीचं म्हणाल तर भरून झालेलं जीएसटीआर-1 पोर्टलवर पाहता येतं आणि पुरवठादारांनी भरलेली बिलं 2बी मध्ये दिसतात. एक्सेल गेली तरी महिना पुन्हा उभा करता येतो. मला हा मार्ग सगळ्यांत जास्त आवडतो. त्यात डिस्कला धक्का लागत नाही, आणि बोईसरहून एक फोन केला की काम होतं.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर मग सॉफ्टवेअर. फाईल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर संगणक बंद करा, पण ‘अपडेट अँड शटडाउन’ निवडू नका, कारण अपडेट बसताना डिस्कवर भरपूर लिहिलं जातं. मग ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि शोधायचं सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या संगणकावर चालवायचं. सापडलेल्या फाईली तिसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्या डिस्कवर किंवा रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवायच्या. जिथून गेली तिथेच परत उतरवली तर एक फाईल वाचवताना शेजारच्या दहा मरतात. डिस्क स्वतः काढता येत नसेल तर तेवढ्यापुरता जाणकार बोलवा, त्याचे पैसे वाया जात नाहीत.

साधनं फुकटातही चांगली आहेत. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ दिलं. ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून चालवावं लागतं, आणि मूळ ड्राइव्ह व उतरवायची ड्राइव्ह वेगळी असल्याशिवाय ते कामच सुरू करत नाही. ‘रेकुव्हा’ नवख्या माणसाला सोपं वाटेल. ‘फोटोरेक’ हे क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं, सर्वांना मोफत असलेलं सॉफ्टवेअर. नावात फोटो असला तरी वर्ड, एक्सेल, पीडीएफ असे शेकडो प्रकार ते शोधतं. ते नोंदवहीकडे पाहतच नाही, थेट जमिनीवर उतरून विहिरी मोजतं म्हणा ना. प्रत्येक प्रकारच्या फाईलच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते, आजच्या वर्ड-एक्सेल फाईलची सुरुवात तर ‘पी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी होते. ती खूण दिसली की फोटोरेक तिथून फाईल उचलतं. त्यामुळे फॉरमॅट मारलेल्या पेनड्राइव्हवरूनही फाईली मिळतात. मात्र त्यांची नावं आणि फोल्डर हरवलेले असतात, एफ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच नाव उरतं.

मराठीत काम करणाऱ्यांना इथे एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल कुठे लिहिलेलं मी फारसं पाहिलं नाही. अशा दोन हजार बिननावाच्या फाईलींतून आपली फाईल शोधायची तर आतल्या शब्दावरून शोधावी लागते. फाईल युनिकोडमध्ये असेल तर ‘ग्रामसभा’ टाकल्यावर सापडते. पण श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली असेल तर सापडत नाही, कारण पडद्यावर मराठी दिसलं तरी आत इंग्रजी कळांची चिन्हंच साठवलेली असतात. यावर तोड अशी. दुसऱ्या संगणकावर त्याच फाँटमध्ये ‘ग्रामसभा’ टाईप करा, तो शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. चौकटीत अगम्य अक्षरं दिसतील, ती तशीच राहू द्या आणि शोधा. जुने ठराव, दस्तांचे मसुदे, देवस्थानाच्या पावत्या, स्मरणिकेचा मजकूर अशा गोष्टी या रीतीने हाताला लागतात.

सॉफ्टवेअरपुढे हात टेकतात ते एसएसडीवर. साध्या हार्डडिस्कबद्दल वर सांगितलेलं सगळं खरं, पण नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते आणि विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून, विंडोज तिला ‘ट्रिम’ नावाची सूचना देतं. फाईल डिलीट झाली की एसएसडीला कळवलं जातं की ही जागा आता नको, आणि एसएसडी सवडीने ती आतून साफ करून टाकते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं त्याच दिवशी शेतात बुलडोझर आला, असं समजा. रिसायकल बिन रिकामा झाल्यावर एसएसडीवरून फाईल मिळण्याची शक्यता फार कमी. वीज बंद केल्यास क्वचित थोडं वाचतं, म्हणून लगेच बंद करा, पण कोणी शंभर टक्के हमी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कारखान्यातल्या जुन्या, संथ, हार्डडिस्कवाल्या संगणकाला आपण नावं ठेवतो, या एका बाबतीत तो अधिक भला आहे. साधे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डही या बाबतीत बऱ्यापैकी क्षमा करणारे असतात.

म्हणून फोटोग्राफर मंडळींनी धीर सोडू नये. केळवे-माहीमच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग झालं, दुसऱ्या दिवशी हळद, आणि घाईत कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट झालं. कॅमेऱ्याचं साधं फॉरमॅट बहुधा नोंदवहीच कोरी करतं. कार्ड ताबडतोब काढा, बाजूची कुलपाची खिट्टी लावा, चिकटपट्टी लावून त्यावर ‘वापरू नये’ असं लिहा आणि उरलेलं लग्न दुसऱ्या कार्डावर काढा. फोटो सहसा सलग साठवलेले असतात, त्यामुळे चांगले परत येतात. व्हिडिओ मोठे आणि तुकड्यातुकड्यांत असतात, ते अर्धवट येऊ शकतात. नवऱ्यामुलीच्या घरच्यांना काय सांगायचं ते कार्ड तपासून झाल्यावर ठरवा.

टॅली वापरणाऱ्यांनी एक भेद समजून घ्यावा. टॅलीतली एखादी व्हाउचर एंट्री डिलीट झाली तर ती फाईल नव्हे, मोठ्या फाईलीतली एक ओळ आहे. कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर ती आणून देणार नाही, त्याला टॅलीचा बॅकअपच हवा. एडिट लॉग असलेली आवृत्ती असेल तर कोणी, कधी, काय काढलं ते निदान दिसतं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असा माग ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. अख्खी कंपनीच उडाली असेल तर तिचा डेटा आकडी नावाच्या एका फोल्डरमध्ये अनेक फाईलींत असतो. परत आणताना ते फोल्डर पूर्ण हवं, एखादी फाईल कमी पडली तरी कंपनी उघडेलच असं नाही. आणि बॅकअप त्याच ड्राइव्हवरच्या शेजारच्या फोल्डरमध्ये घेत असाल, तर तो बॅकअप धरू नका.

तारापूरच्या औषध कारखान्यांतल्या मुलामुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण तिथे वरचा सगळा सल्ला उलटा पडू शकतो. एचपीएलसीच्या संगणकावरचा रन, इंजेक्शनची फाईल, बॅचची नोंद चुकून डिलीट झाली तर ती स्वतः, गुपचूप परत आणू नका. हात थांबवा इथपर्यंत तेच, पण पुढचं पाऊल म्हणजे शिफ्ट इन्चार्ज आणि क्यूएला कळवून लेखी डिव्हिएशन उघडणं. अमेरिकेच्या यूएसएफडीएने 1997 च्या पार्ट 11 नियमांपासून इलेक्ट्रॉनिक नोंदींवर बारीक नजर ठेवली आहे आणि डिसेंबर 2018 मध्ये डेटा इंटिग्रिटीवर सविस्तर मार्गदर्शन काढलं. नोंद कोणाची, केव्हाची, मूळ आहे का, हे त्यांना दिसावं लागतं. तपासणीत सापडलेली, न सांगता डिलीट केलेली आणि न सांगता परत आणलेली फाईल ही लपवाछपवी ठरते, मग त्यामागे साधी चूक का असेना. ज्याने प्रामाणिकपणे लिहून दिलं त्याच्या बाजूने ऑडिट ट्रेल उभा राहतो. वरिष्ठांपैकी कोणी ‘राहू दे, कोणाला सांगू नकोस’ म्हणालं तरी लिहून द्या. नोकरी वाचवायचा तोच मार्ग आहे.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, ती दिसेनाशी झाली असेल, पडली असेल किंवा भिजली असेल तर सॉफ्टवेअर लावू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतलं मुंडकं तबकडीवर नवा ओरखडा काढू शकतं. अशी डिस्क धूळमुक्त खोलीतच उघडावी लागते. बोईसरच्या चित्रालयजवळ किंवा पालघरच्या पाचबत्तीकडे दुरुस्ती करणारी पोरं हुशार आहेत, पण डिस्क टेबलावर उघडायला निघालेल्याला हात जोडून थांबवा. नेहमीची पायवाट म्हणजे लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडवर चौकशी करायची. तिथे सुटे भाग मिळतात, रिकव्हरीवाल्यांचे पत्तेही मिळतात. कोणाच्याही हाती डिस्क देण्याआधी विचारा: तुम्ही मूळ डिस्कवर काम करणार की तिची हुबेहूब प्रत काढून प्रतीवर? प्रतीवर म्हणाला तर तो जाणकार. काही मिळालं नाही तर किती घेणार? मिळालेल्या फाईलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का? आणि काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत पुसणार का? ग्राहकांचे दर, कामगारांची आधार कार्डं, घरच्या बायकामुलींचे फोटो, सगळं त्या डिस्कवर असतं. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच नको.

फाईली उडालेल्या नसून त्यांची नावं एकाएकी विचित्र झाली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर ते रॅन्समवेअर आहे. नेटवर्कची वायर उपसा, वायफाय बंद करा, आयटीला सांगा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

बॅकअपबद्दल लांबण लावत नाही. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर, हा पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला हिशेब सगळीकडे चालतो. तारापूरला त्यात एक भर घाला: बाहेरची प्रत एमआयडीसीच्याही बाहेर ठेवा. आग लागली तर ती शेजारचा प्लॉट बघून थांबत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कंपन्यांना तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियम 2022 पासून आहे.

आणि महिन्यातून एकदा, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, बॅकअपमधली कोणतीही एक फाईल दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहा. वर्षानुवर्षे घेतलेला बॅकअप पहिल्यांदा गरज पडली तेव्हा रिकामा निघाल्याचं मी पाहिलं आहे, वायर सैल होती आणि तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. उघडलेल्या फाईलचं नाव, तारीख आणि उघडणाऱ्याची सही एका वहीत घ्या, आणि ती वही गेटपासच्या वहीशेजारीच ठेवा.